हळदीतले कर्क्युमिन प्रतिकारशक्ती वाढवते की आवरते?

२०२० साली आयुष मंत्रालयाने कोरोनाकाळासाठी काढलेल्या सूचनांमध्ये दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून ते दिवसातून एकदा-दोनदा घ्यावे, असे सांगितले होते. हळदीचे दूध मराठी घरांना नवे नव्हते; पण त्यानंतर औषधांच्या दुकानांत कर्क्युमिनच्या गोळ्यांच्या डब्या दर्शनी भागात आल्या आणि त्या आजही तिथेच आहेत. या डब्यांवर दोन दावे हमखास असतात. एक, हे द्रव्य रोगप्रतिकारशक्ती वाढवते. आणि दुसरा, ते अँटिऑक्सिडंट आहे. यांतला पहिला दावा प्रयोगशाळेत जे दिसते त्याच्या जवळजवळ उलट आहे. दुसरा अर्धा खरा आहे, परंतु ज्या कारणासाठी तो खरा मानला जातो ते कारण बहुधा चुकीचे आहे. हे दोन्ही समजून घ्यायचे, तर आधी हळदीत काय असते आणि आपल्या पांढऱ्या पेशी काय करतात, हे पाहावे लागेल.

हळद म्हणजे कर्क्युमिन नव्हे

शंभर ग्रॅम हळद पुडीत साधारण दोन ते पाच ग्रॅम कर्क्युमिन असते. बाकीचा मोठा भाग पिष्ट, तंतू, पाणी आणि वासाची उडनशील तेले यांचा असतो. हे प्रमाण वाणानुसार आणि जमिनीनुसार बदलते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या हळदींपैकी वर्ध्याकडची वायगाव हळद जास्त कर्क्युमिनसाठी ओळखली जाते, तर सांगलीची राजापुरी हळद तिच्या रंगासाठी आणि पेवांत साठवण्याच्या जुन्या पद्धतीसाठी. फोगेल आणि पेल्तिए या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली हळदीतून हे पिवळे द्रव्य वेगळे केले आणि त्याची रेणुरचना १९१० साली निश्चित झाली. बाजारातल्या गोळीत बहुधा ‘९५ टक्के’ अर्क असतो, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडद्रव्ये मिळून ९५ टक्के.

या रेणूचा स्वभाव धुणे धुणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की तो नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साबण लावताच डाग विटकरी लाल होतो, कारण अल्कलीच्या संपर्कात या रेणूचा रंग बदलतो. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. सदरा उन्हात वाळवला की डाग फिका पडतो, कारण सूर्यप्रकाशात हा रेणू मोडतो. पाण्यात न विरघळणे, अल्कलीत न टिकणे आणि सहज मोडणे हे तिन्ही गुण पुढे लक्षात ठेवावे लागतील. रक्ताइतक्या किंचित अल्कधर्मी द्रावणात, शरीराच्या तापमानाला ठेवलेले कर्क्युमिन अर्ध्या तासात नव्वद टक्क्यांच्या आसपास नाहीसे होते, असे १९९७ च्या एका प्रयोगात दिसले होते. मात्र द्रावणात रक्तद्रवातील प्रथिने असतील, तर ते त्यांना बिलगून थोडा अधिक वेळ टिकते.

पांढऱ्या पेशींचे हत्यार

आपण घेतलेल्या ऑक्सिजनचा बहुतेक भाग पेशींमध्ये ऊर्जा तयार करण्यासाठी वापरला जातो. या कामात ऑक्सिजनचे काही रेणू अर्धवट अवस्थेत निसटतात आणि अतिशय क्रियाशील होतात. समोर जे येईल, मग ते पेशीचे आवरण असो, प्रथिन असो वा डीएनए, त्याच्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची त्यांची प्रवृत्ती असते. यांना ‘क्रियाशील ऑक्सिजन’ म्हणू. हा क्रियाशील ऑक्सिजन आणि त्याला आवरणारी पेशीतली व्यवस्था यांचा तोल पहिल्याच्या बाजूने ढळला, की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. एवढे ऐकले की क्रियाशील ऑक्सिजन हा शत्रूच आहे असे वाटू लागते आणि बाजार नेमका या समजुतीवर चालतो.

वस्तुतः आपल्या पांढऱ्या पेशी तो मुद्दाम तयार करतात. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जातींच्या पेशी जंतूला गिळतात आणि मग काही क्षणांत त्यांचा ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो. एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि न्यूट्रोफिलमध्ये तर त्यापुढे जाऊन हायपोक्लोरस आम्लही तयार होते. फरशी पुसायला आपण जे ब्लीच वापरतो, त्याचे जंतुनाशक काम याच आम्लामुळे होते. हे विकर जन्मतःच सदोष असलेली काही मुले असतात. त्यांच्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात आणि साध्या बुरशीने किंवा जिवाणूने त्यांच्या फुफ्फुसांत, यकृतात पुन्हापुन्हा गळवे होतात. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्याला मारण्यात कमी पडतात. क्रियाशील ऑक्सिजन अजिबात नसणे किती महागात पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा नसेल.

जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर बसलेला राखणदार गोफणीतून दगड भिरकावतो. पाखरांचा थवा उतरला असताना दगड लागतातच. थवा उडून गेल्यावरही तो भिरकावतच राहिला, तर तेच दगड कणसांवर बसतात. पांढऱ्या पेशींचे तसेच आहे. जंतू असेपर्यंत त्यांचा मारा म्हणजे संरक्षण; जंतू गेल्यावर, किंवा जंतू मुळात नसताना, तो सुरू राहिला की सांध्याचे अस्तर, आतड्याची त्वचा, रक्तवाहिनीची भिंत यांचे नुकसान होते. या न थांबलेल्या माऱ्याला दीर्घकालीन दाह म्हणतात. संधिवात, आतड्याचे दाहजन्य विकार आणि रक्तवाहिन्यांचे काठिण्य या सगळ्यांत त्याचा हात असतो. दाहामुळे क्रियाशील ऑक्सिजन वाढतो आणि वाढलेला क्रियाशील ऑक्सिजन दाहाला पुन्हा चिथावतो, असे हे चक्र असते. कर्क्युमिनविषयीचे शास्त्रीय कुतूहल या चक्राभोवतीच फिरते.

ते क्रियाशील ऑक्सिजन टिपून घेते का?

परीक्षानळीत घेते. कर्क्युमिनच्या रेणूवर असलेले हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन देऊन मुक्त मूलकांना, म्हणजे क्रियाशील ऑक्सिजनसारख्या इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या कणांना, शांत करतात. हे खरे आहे आणि अनेक प्रयोगशाळांत दिसले आहे. प्रश्न संख्येचा आहे. आपल्या पेशींत ग्लुटाथायॉन नावाचे गंधकयुक्त द्रव्य कायम तयार असते आणि हेच काम ते मिलिमोलर या पातळीवर करत असते. गोळ्या खाऊनही रक्तात जे मोकळे कर्क्युमिन सापडते, ते सहसा नॅनोमोलर पातळीचे असते, म्हणजे ग्लुटाथायॉनच्या साधारण एक लाखांश किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा द्रव्याने समोरासमोर मूलके टिपून काही फरक पडावा, हे गणितात बसत नाही.

मग पेशींवरील प्रयोगांत ऑक्सिडीकरणाचा ताण कमी झालेला दिसतो तो कसा? याचे उत्तर मला या विषयातला सर्वांत रोचक भाग वाटते. आपल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन सतत तयार होते आणि कीप-१ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून सतत नष्ट करवत असते. कीप-१ चे हे काम जपानमधील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले. कीप-१ वर गंधकाचे काही संवेदनशील अणू असतात. एखादे त्रासदायक रसायन त्यांना चिकटले की कीप-१ ला एनआरएफ-२ नष्ट करवता येत नाही. मग एनआरएफ-२ साठत जाते, पेशीकेंद्रकात शिरते आणि बचावाची अनेक जनुके एकाच वेळी कामाला लावते. ग्लुटाथायॉन बनवणारी विकरे वाढतात, हीम ऑक्सिजनेज-१ वाढते, विषारी द्रव्ये निकामी करणारी विकरे वाढतात. कर्क्युमिनच्या रेणूचा मधला भाग गंधकाला चिकटण्यात तरबेज आहे.

म्हणजे कर्क्युमिन स्वतः बचाव करते असे म्हणण्यापेक्षा पेशीला ते किंचित विषासारखे भासते आणि त्या सौम्य त्रासाला उत्तर म्हणून पेशी आपला बचाव वाढवते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. याचा परिणाम मात्रेवर अवलंबून असणार हे उघड आहे. पेशींवरील प्रयोगांत कमी मात्रेत हे द्रव्य ताण कमी करते, तर जास्त मात्रेत तेच क्रियाशील ऑक्सिजन वाढवते आणि पेशी मारते. कर्करोगाच्या पेशींवर त्याचे प्रयोग झाले ते याच दुसऱ्या गुणामुळे. ‘अँटिऑक्सिडंट’ हे विशेषण लावून थांबले, की यातली निम्मी हकिकत राहून जाते.

दाहाचा आदेश कोठून निघतो

एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन १९८६ साली प्रथम वर्णिले गेले. एरवी ते पेशीच्या द्रवात दुसऱ्या एका प्रथिनाला बांधलेले असते. मॅक्रोफेजला जंतूचा स्पर्श जाणवला की ते बंधन तुटते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाते आणि दाहाचे संदेश देणारी द्रव्ये बनवण्याचा आदेश निघतो. या संदेशद्रव्यांना सायटोकाइन म्हणतात; टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यांतली नावे कोरोनाच्या बातम्यांमुळे पुष्कळांच्या कानांवरून गेली असतील. ही द्रव्ये आणखी पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात, ताप आणतात, सूज आणतात.

कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बीचे बंधन तुटू देत नाही, असे १९९५ साली पेशींवरील प्रयोगांत दाखवले गेले आणि त्यानंतर या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला. मॅक्रोफेज कमी सायटोकाइन सोडतात. टी-पेशींची (याही पांढऱ्या पेशीच) वाढ मंदावते आणि त्यांना वाढीचा संदेश देणारे इंटरल्युकिन-२ कमी तयार होते. जंतूची ओळख टी-पेशींना करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी पुरत्या परिपक्व होत नाहीत, असे त्यांतून दिसले.

आता या यादीकडे नीट पाहावे. यातली प्रत्येक गोष्ट प्रतिकारव्यवस्थेला आवरणारी आहे. गोफणीचे दगड वाढवण्याऐवजी ‘आता पुरे’ असे राखणदाराला सांगणारे हे द्रव्य आहे. ज्याला ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकले जाते, त्याचा प्रयोगशाळेतला मुख्य गुण प्रतिकाराचा जोर कमी करणे हा आहे, ही विसंगती जाहिरात लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही, किंवा आली असली तरी ‘दाह आवरणारे’ असे लिहिल्याने डबी तितकी खपणार नाही.

मग हळद खाल्ल्याने जंतुसंसर्ग वाढेल का, असा प्रश्न कोणी विचारील. आमटीभाजीतल्या हळदीने तसे होते, याचा पुरावा नाही. याचे कारण मात्र कर्क्युमिनच्या चांगुलपणात नसून पुढच्या अडचणीत आहे.

पण ते पांढऱ्या पेशींपर्यंत पोचते का?

वर सांगितलेले बहुतेक प्रयोग बशीतल्या पेशींवरचे आहेत. त्यांत कर्क्युमिनची मात्रा साधारण पाच ते पन्नास मायक्रोमोलर (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर) असते. माणसाच्या रक्तात एवढी मात्रा साध्या गोळ्यांनी येत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना अर्ध्या ग्रॅमपासून बारा ग्रॅमपर्यंत एकेक मात्रा दिली गेली. आठ ग्रॅमपर्यंत कोणाच्याच रक्तद्रवात कर्क्युमिन सापडले नाही; दहा आणि बारा ग्रॅम घेतलेल्यांपैकी दोघांच्या रक्तात ते अल्प प्रमाणात दिसले. पाण्यात न विरघळल्यामुळे ते आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही आणि जे शोषले जाते, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर काढण्याजोगे करतात.

यावर काळ्या मिऱ्याचा उपाय सांगितला जातो आणि त्याला आधार आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले वीस मिलिग्रॅम पिपरीन दिले, तेव्हा रक्तातली उपलब्धता वीस पटींनी वाढलेली दिसली. हा आकडा तेव्हापासून डब्यांवर झळकत आहे. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. मूळ पातळी जवळजवळ शून्य असेल, तर तिची वीसपटही फार मोठी नसते. आणि पिपरीन हे काम करते ते शरीराची सफाई करणारी विकरे अडवून. तीच विकरे फिटचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल अशी औषधेही शरीराबाहेर काढत असतात, त्यामुळे त्यांची रक्तातली पातळीही वाढू शकते.

बशीतल्या प्रयोगांविषयीही एक सावधगिरी हवी. कर्क्युमिन पिवळे आहे, प्रकाश शोषते, स्वतः चमकते, प्रथिनांना सरसकट चिकटते आणि चाचणी सुरू असतानाच मोडते. औषधशोधाच्या चाचण्या बहुधा रंग किंवा चमक मोजूनच केल्या जातात, त्यामुळे असे द्रव्य फसवा ‘होकार’ देऊ शकते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने या मुद्द्यावर सविस्तर आणि बरीच कठोर समीक्षा लिहिली. त्याखेरीज या विषयातले काही गाजलेले शोधनिबंध चित्रांतील गैरप्रकारांमुळे नियतकालिकांनी मागे घेतले आहेत. यावरून सगळेच खोटे ठरत नाही. परंतु हजारो निबंध आहेत म्हणून ते खरेच असणार, हा युक्तिवादही उरत नाही.

एका ठिकाणी मात्र कर्क्युमिन नक्की पोचते, आणि ते म्हणजे आतडे. जे शोषले जात नाही ते तिथेच राहते, तिथले जिवाणू त्याचे रूपांतर करतात, आणि आपल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीतच वस्तीला असतो. रक्तात न पोचणारे द्रव्य इथे उपयोगी पडावे, ही अपेक्षा म्हणून तर्काला धरून आहे.

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात

ही अपेक्षा काही अंशी खरी ठरली आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा दाहजन्य आजार आहे. जपानमध्ये २००६ साली, आजार शांत झालेल्या ८९ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे पाच टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर नुसत्या नेहमीच्या औषधावर असलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के रुग्णांचा. दिल्लीच्या एम्समध्ये रोज साडेचारशे मिलिग्रॅमची छोटी मात्रा उठलेल्या आजारावर देऊन पाहिली, तेव्हा तिचा उपयोग झाला नाही. दोन्ही चाचण्या लहान आहेत आणि दोन्हींतली परिस्थितीही सारखी नाही, पण मात्रेला महत्त्व आहे हे त्यांतून सूचित होते.

थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ३६७ रुग्णांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार आठवडे रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांना आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. त्याच देशात २०२३ साली अपचनाच्या तक्रारीवर कर्क्युमिन ओमेप्राझोल या आम्लपित्ताच्या औषधाच्या बरोबरीचे ठरले. हे निकाल दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. गुडघेदुखी आणि अपचन यांत रुग्ण स्वतःच सांगतो की बरे वाटते का, आणि अशा तक्रारींत नुसत्या औषध घेण्यानेही बराच आराम पडतो, एवढे लक्षात ठेवून ते वाचावेत.

याउलट कॅनडातली चाचणी. पोटातल्या महारोहिणीचा (शरीरातल्या मुख्य धमनीचा) फुगा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेत दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण दोन्ही एकदम उसळतात, म्हणजे कर्क्युमिनसाठी आखाडा तयारच. दहा रुग्णालयांतील ६०६ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या आगेमागे दोन ग्रॅमच्या आठ मात्रा आणि इतरांना निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. २०१८ साली निकाल आला तो असा, की दाह व अवयवांची इजा दाखवणाऱ्या निर्देशकांत काही फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंडाला तात्पुरती इजा कर्क्युमिनच्या गटात १७ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात १० टक्क्यांना झाली.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, म्हणून त्याला आकड्यांनी उत्तर देतो. हळदीत तीन टक्के कर्क्युमिन धरले, तर अर्ध्या चमच्यात, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळदीत ते ४५ मिलिग्रॅम भरते. स्वयंपाकात त्यातलेही घटते. उष्णतेने पाव ते निम्मे कर्क्युमिन नाहीसे होते आणि सर्वांत जास्त प्रेशर कुकरमध्ये, असे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासात दिसले. पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत मात्र ४७५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने रंगद्रव्य म्हणून ठरवलेली रोजची स्वीकारार्ह मर्यादा दर किलो वजनामागे तीन मिलिग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १८०. ही मर्यादा ओलांडताच विषबाधा होते असे नाही. ती सावधपणे ठरवलेली असते. पण आपल्या आजीने जेवढी हळद खाल्ली तिच्या भरवशावर या गोळ्यांना निर्धोक म्हणता येत नाही, एवढे त्यातून कळते.

अपायाच्या नोंदीही आता आहेत. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची पाहणी करणाऱ्या जाळ्याने हळदीच्या पूरकांमुळे (गोळ्या वगैरे सप्लिमेंटमुळे) यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यांतला एक रुग्ण दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप आढळले. एचएलए जनुके प्रतिकारव्यवस्थेला ‘हे आपले, हे परके’ ओळखायला मदत करतात. म्हणजे ज्या द्रव्याची प्रतिकारपेशींना आवरणारे म्हणून ख्याती आहे, त्याच्याच विरुद्ध काही माणसांच्या प्रतिकारपेशी बहुधा उठतात आणि त्यात यकृत भरडले जाते. ज्यांत शोषण वाढवण्याची युक्ती केलेली आहे, अशी मिरेयुक्त उत्पादने यांतल्या काही प्रकरणांत होती. इटलीतही अशी प्रकरणे घडल्यावर तिथल्या आरोग्य मंत्रालयाने या पूरकांवर इशारा छापणे बंधनकारक केले. गोळ्या घेणाऱ्यांच्या प्रचंड संख्येच्या मानाने ही प्रकरणे विरळ आहेत, हेही नोंदवले पाहिजे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काही झाले, तर गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना ती घेत असल्याचे सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पित्ताशयात खडे असणारे, शस्त्रक्रियेच्या तारखा ठरलेले आणि अवयवारोपण झालेले रुग्ण यांनी ती सुरू करण्याआधीच विचारलेले बरे.

अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, ही समजूतही एकदा मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे, तीही कर्क्युमिनची नव्हे तर बीटा-कॅरोटीनची. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

‘आपल्या पूर्वजांना हे सगळे माहीत होतेच’

इथे १९९५ सालच्या पेटंटची आठवण निघतेच. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंध पुरावा म्हणून मांडला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हा विजय रास्त होता. परंतु ते ज्ञान नवे नाही, एवढेच त्या निकालाने सिद्ध झाले. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. शिवाय जखमेवर दाबलेली हळद थेट पेशींवर बसते, तिथे शोषणाची अडचण येत नाही. त्या अनुभवावरून गिळलेल्या गोळीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

पिवळ्या रंगाचे दुसरे कारण

हळदीचा दर रंगावर ठरत असल्यामुळे एक भेसळ उपखंडात फार वाईट रूपात आढळली आहे. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रसायन चोपडले जात होते. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले आणि शासनाने धाडी व प्रचार दोन्ही नेटाने केल्यावर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. शिसे शरीरात गेले की प्रथिनांवरच्या आणि ग्लुटाथायॉनमधल्या गंधकालाच बिलगते, त्यामुळे बचावाचा साठा घटतो आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम तर कायमचा असतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचवलेली घरगुती तपासणी सोपी आहे. अख्खे हळकुंड पेलाभर पाण्यात टाकावे. लेड क्रोमेट चोपडलेले असेल तर पाणी लगेच गडद पिवळे होते, आणि तसे नसेल तर पाणी रंगत नाही. पुडीवर ही तपासणी इतकी स्पष्ट कळत नाही, म्हणून वर्षाची हळद हळकुंडे आणून, पाण्यात एक टाकून पाहून, मगच दळायला देणे सोयीचे पडते.